पेटीतलं ऊन

दिगंबरने ट्रान्सफॉर्मरचा शेवटचा स्क्रू आवळला आणि स्विच दाबला. गोऱ्या पाहुण्यांना उन्हात न बसवता सावळं करणारी हॉटेलातली ती लांब पेटी निळ्या उजेडाने भरली. व्होल्टेज नेमकं मिळत होतं.

"झोप आत," तो बायकोला म्हणाला. मॅनेजर आठवडाभर सुट्टीवर होता. तोवर टेस्टिंग त्याच्याच हातात होतं.

शालनच्या गळ्यावर कोडाचे डाग होते. किरणांनी ते भरतात, पण त्यासाठी आठवड्यातून दोनदा शहरात यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. इथे तर किरण दाराशी आले होते.

"अहो, भाजणार नाही ना?"

"मीच जोडलंय ना सगळं!"

दुसऱ्या दिवशी डाग लाल होऊन झोंबू लागले. भरताहेत, असं वाटून दोघंही हसली.

आठवड्याने लाली उतरली. भोवतालची कातडी तेवढी रापली होती आणि तिच्यात ते पांढरे डाग आता लांबूनही उठून दिसत होते. दिगंबर आरशात तिच्या मागे नुसता उभा होता. पक्कड खिशात होती, पण आवळण्यासारखं काहीच नव्हतं.

शालनने पदर गळ्याभोवती लपेटला.

"मॅनेजरना सांगा," ती म्हणाली, "पेटी चांगली चालतेय."