निळ्या कोंबड्याचं भांडं

मार्गोचा आवाज येईना, तशी सोलेन हातातली चीजची थाळी टेबलावर टाकून उठली. तीन वर्षांचं पोर गप्प आहे म्हणजे काहीतरी उपद्व्याप चाललाय.

सकाळपासून तिच्या जिवाला घोर होता. उद्या शाळा सुरू. लंगोट लावणारं मूल घेणार नाही, असं बाईंनी स्पष्ट बजावलं होतं. शाळा नाही तर सोलेनची नोकरीही नाही. आणि मार्गो? गुलाबी प्लॅस्टिकच्या पॉटवर बसवलं की फळीसारखी ताठ! गोष्टी झाल्या, चॉकलेटं झाली, सोलेनचं रडूनही झालं.

"होईल गं," सासूबाई, उगेत, आत्ताच पाव मोडता मोडता म्हणाल्या होत्या. "लग्नात लंगोट लावून उभी राहिलेली नवरी पाहिलीयस कधी?"

बैठकीच्या दारात सोलेन थबकली. वाळलेलं लव्हेंडर जमिनीभर पसरलं होतं. शेकोटीच्या कट्ट्यावरचं मातीचं भांडं खाली आलं होतं. पांढरी झिलई, पोटावर निळा कोंबडा, एकच कान. या घराण्यात पहिलं मूल झालं, की सासू ते सुनेच्या हाती देते. सोलेन त्यावरची धूळसुद्धा स्वतः पुसायची. येणारा-जाणारा त्याचं कौतुक करायचा.

त्यावर मार्गो बसली होती. चड्डी घोट्याशी, चेहरा महाराणीचा. आणि आतून छान धारेचा आवाज येत होता.

"आई, बघ! मी केली!"

सोलेनने तिला उचललं, गरागरा फिरवलं, मटामटा मुके घेतले. मग वळून पाहते तो मागे सासूबाई उभ्या.

"आई, मी... इतकं जुनं भांडं... आत्ता धुते."

उगेत हसून हसून दाराला टेकल्या. "अगं, ते आहेच त्यासाठी! तुझा नवरा बास्तियाँही याच्यावरच शिकला."

"काय? मग तीन वर्षं मी यात फुलं ठेवतेय, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत!"

उगेतनी मागे वळून पाहिलं. बास्तियाँ स्वयंपाकघरात कॉफी करत होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"कुठल्या तोंडाने बोलू? मलाही कोणी सांगितलं नव्हतं. बास्तियाँ याच्यावर जाऊन बसला, तोवर मी यातून पाहुण्यांना सूप वाढत होते."