करंगळीपाशी

सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका गेल्यापासून घाटंजीच्या इकबालमिस्त्रींनी पाना धरला नव्हता. त्यांनी पुन्हा गॅरेजात उभे राहावे, म्हणून मुलगी गझाला कॉलेजातून मिश्र वास्तवाचा तो जड चष्मा घेऊन आली.

"अब्बा, समोरचं खरं इंजिनच दिसते, अन् कोणता नट खोलाचा ते त्याच्यावर उजेडानं दाखवते. तुमचे हातबी वळखते."

मिस्त्रींनी चष्मा चढवून उजवा हात समोर धरला. त्याच्याभोवती निळसर प्रकाशाची रेघ उमटली, जणू कुणी तो नव्याने घडवीत होते.

"पाच बोटं दाखवून राह्यला, बेटा."

"अंदाज लावते ते. त्याले काय माहीत थ्रेशर!"

ते हसले. मग हात आपसूक इंजिनकडे वळला. पहिला नट सुटला. जुन्या सवयीने त्यांनी तो करंगळी आणि अनामिकेच्या मध्ये खोचला, आणि दुसऱ्या नटाला पाना लावला.

खाली काहीच पडले नाही.

गझालाच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिला नट दिसत होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती हवा.

"अब्बा," ती दुआ मागावी तशी पुटपुटली, "चष्मा काढू नोका."