साक्ष होईस्तोवर

जगदेवनं बायकोला, मनकर्णाबाईला, वांग्याच्या वाफ्यात आडवं पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला. सासू रंगूबाईनं तिचे दोन्ही हात दाबून धरले. रिसोडच्या बाजारात मनकर्णाबाई कुण्या गिऱ्हाइकाशी हसून बोलली, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं.

"आता हास," तो म्हणाला आणि त्यानं नाकावरून इळा ओढला.

रक्तानं तोंड भरलं, तरी तिची किंकाळी रिठदच्या वेशीपर्यंत गेली. शेजारच्या मळ्यातले पंजाबराव धावले. त्यांनीच गाडी जुंपून तिला वाशीमला नेलं आणि तिथून अकोल्याच्या दवाखान्यात पोचवलं. जगदेवला पोलिसांनी धरलं; रंगूबाईनं हात धरले होते, हे कुणी पाहिलं नव्हतं.

जखम सुकली. चेहऱ्याच्या मधोमध भोक उरलं. बाजूच्या खाटेवरच्या बाया तिच्याकडे पाठ करून जेवत.

"नवं नाक करता येतं, बाई," डॉक्टर म्हणाले. "उद्याच करू."

"आता नको," ती पदराआडून म्हणाली.

डॉक्टरांनी कारण विचारलं. तिनं पदर आणखी पुढे ओढला. घाबरली असेल, असं सगळ्यांना वाटलं.

नवं नाक नाकारलं म्हणजे सून दबली, असं समजून रंगूबाई भेटायला आली. खाटेवर बसून तिनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं केलं वं. झालं ते झालं. इळ्यावर पडली म्हणून सांगजो. माह्या पोराले सोडव अन् घरी चाल."

मनकर्णाबाईनं मान खाली घातली. म्हातारीला तो होकार वाटला.

वाशीमच्या कचेरीत जगदेवच्या वकिलानं तेच सांगितलं. बाई वाफ्याला पाणी देताना घसरली, इळ्यावर पडली, नाकाला जरासं लागलं. मॅजिस्ट्रेटनं तिला विचारलं.

तिनं तोंडावरचा पदर सोडला. मॅजिस्ट्रेटनं नजर कागदाकडे वळवली.

"खाली नका पाहू, साहेब," ती म्हणाली. "तुमी पाहावं म्हणूनच मी नवं नाक करून घेतलं नाई. त्यानं छातीवर गुडघा देल्ला, सासूनं हात धरले, मंग कापलं."

मायलेक दोघंही तुरुंगात गेली.

मनकर्णाबाई थेट अकोल्याला परतली. डॉक्टरांनी तिला समजावलं, "कपाळाची कातडी खाली वळवून नाक करावं लागेल. कुंकू लावता तिथं कायमचा वण राहील."

तिनं ओल्या पदरानं कुंकू पुसलं आणि टेबलावर आडवी झाली.

"तिथलीच घ्या," ती म्हणाली.