वीतभर काप

डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर माझा मणका दाखवला. त्यात वाटाण्याएवढी गाठ होती.

"कॅन्सर नाहीये, घाबरू नका. पाठीतून एक सुई आत घालायची आणि गाठ तिथल्या तिथे जाळून टाकायची. दुसऱ्या दिवशी घरी."

बाबांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे टाकेबिके काही नाहीत ना?"

"छे हो! टाचणीएवढं भोक. महिन्याभराने शोधलंत तरी सापडायचं नाही."

आणि माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं मी पाठ धरून वाकडा चालतोय. साधी गोळी घेतली की दुखायचं थांबायचं, म्हणून घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की हे शाळा बुडवायचं दुखणं आहे. आज या बाई म्हणाल्या, गोळीने थांबतं हीच तर या गाठीची खूण.

"मॅडम, मला सुई नको," मी म्हणालो. "चांगला वीतभर काप घ्या. टाके लांबून दिसले पाहिजेत."

बाबा हसले. "त्याच्याकडे लक्ष देऊ नका हो मॅडम. पहिल्यापासून नाटकी आहे तो."

मी स्क्रीनकडे बोट केलं.

"ऐकलंत ना? गाठ इथे ढळढळीत समोर दिसतेय, तरी मी नाटकीच. मग तुमचं ते टाचणीएवढं भोक घरी कोणाला दाखवू?"