अर्ध्या तासाच्या आत

"किती मिनिटं टाकू?" हमदाननं विचारलं.

पडद्यावर एवढीच चौकट भरायची राहिली होती. फोनची लाइन बंद पडली की किती मिनिटांनी कळवायचं.

"तीस," मॅडम तियोंग म्हणाल्या. "जुन्यात होतं तेच."

हमदाननं तीस टाकलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा आता राजांग नदीच्या काठच्या दोनशे बारा ठिकाणांना आपोआप लागणार होता. त्यात शाळा होत्या, टपाल कचेऱ्या होत्या, दवाखाने होते. त्यांच्या लाइनी सिबू शहरातल्या या खोलीतून हे तिघं सांभाळत. कचेरी भरायच्या आधी हे काम उरकावं म्हणून मॅडमनी दोघांना लवकर बोलावलं होतं.

जिंबुन म्हणाला, दवाखान्यांना पाच ठेवू या.

हमदान हसला. पाच ठेवलं तर डोंगरावर ढग आला तरी आपले फोन वाजतील, धड आंघोळही करता येणार नाही, असं तो म्हणाला. "तुझं ठीक आहे. हे केस बघून वाटतं, तू आंघोळ कधीच सोडलीयस." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. बायको सुरी गेल्यापासून जिंबुन शोक पाळत होता. त्याच्या घरात अजून कुणी केस कापले नव्हते. हमदाननं कोम्पिया पावाची पिशवी त्याच्याकडे सरकवली. जिंबुननं पाव घेतला नाही.

मॅडम तियोंग रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, सगळ्यांना एकच आकडा, पण एखाद्या ठिकाणाला वेगळा द्यायचा तर तशी सोय आहे. त्यांनी एक अर्ज उघडला आणि पडदा जिंबुनकडे फिरवला.

जिंबुननं ठिकाण लिहिलं, नांगा सेतापा दवाखाना. मिनिटं, पाच. कारणाच्या चौकटीपाशी तो थोडा वेळ थांबला. मग त्यानं लिहिलं, चौदा मार्चला सकाळी लाइन बंद होती, बाळंतिणीसाठी हेलिकॉप्टर मागवता आलं नाही.

त्याखाली आणखी एक चौकट होती. ज्या वेळी उशिरामुळे नुकसान झालं, त्या वेळचा नोंद क्रमांक. तो भरल्याशिवाय अर्ज पुढं जात नव्हता.

हमदाननं चौदा मार्च काढला. नांगा सेतापासमोर हिरवी रेघ होती, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. कुठं तुटलेली नव्हती.

"बंद होती," जिंबुन म्हणाला. "सव्वीस मिनिटं. नर्सबाई घड्याळ बघत होत्या."

नर्सबाईंनी त्याला सगळं सांगितलं होतं. त्या फोन लावत राहिल्या, मग धावत घाटावर गेल्या, होडीवाला नव्हता म्हणून परत आल्या आणि पुन्हा फोन लावत बसल्या. सत्ताविसाव्या मिनिटाला फोन लागला. तोवर मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या सकाळी जिंबुन याच टेबलाशी होता. त्याचा फोन समोर पडलेला होता, पूर्ण चार्ज केलेला. फोन वाजला असता तर बसल्या जागेवरून त्यानं लाइन दुसऱ्या मनोऱ्यावर टाकली असती. दोन मिनिटांचं काम.

हमदान हळू आवाजात म्हणाला, "तीस मिनिटांच्या आतलं काही नोंदलंच जात नाही रे."

"म्हणजे?"

"म्हणजे नोंदीप्रमाणं लाइन चालू होती."

जिंबुननं सांगितलं की बायकोची धाकटी बहीण तिथंच राहते, तिला आठवा महिना लागलाय, ती याच दवाखान्यात जाणार. दुसरा दवाखाना होडीनं चार तासांवर आहे. तो हे मॅडमकडे न बघता, पडद्याकडे बघत सांगत होता.

मॅडमनी चष्मा काढला.

"जिंबुन, मी सुरीच्या मातीला आले होते. काय झालं ते मला माहीत आहे. पण त्या चौकटीत मी काय भरू, ते तूच सांग."

"सुरीचं नाव भरा."

"तिथं फक्त आकडे बसतात."

 जिंबुननं विचारलं, "लाइन एकतीस मिनिटं बंद राहिली असती तर?"

 हमदाननं उत्तर दिलं. "तर नंबर मिळाला असता."

तेवढ्यात तिघांचेही फोन एकदम वाजले. तळमजल्यावरचं अंगठ्याचं हजेरी यंत्र बंद पडलं होतं, एक मिनिटापूर्वी. त्याला एकच मिनिट दिलेलं होतं. मागच्या वर्षी ते अडकलं तेव्हा साहेब लोकांना उशिराचा शेरा लागला होता, आणि त्या प्रत्येक शेऱ्याला नोंद क्रमांक होता. एकूण एकोणीस.

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. "कुणी जातंय का?"

यंत्रांची देखभाल जिंबुनकडे होती. त्यानं अर्ज तसाच उघडा ठेवला, पेचकस घेतला आणि जिना उतरला. खाली रांग दारापर्यंत गेली होती. झाडणाऱ्या बाईच्या बादलीनं वायर ओढली गेली होती. त्यानं ती नीट बसवली, स्क्रू आवळला. यंत्रात हिरवा दिवा लागला.

रांगेत सगळ्यांत पुढं एक वयस्क बाई होत्या. त्यांनी छत्री काखेत धरली आणि अंगठा टेकवला. यंत्रानं तो घेतला. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग कौतुकानं जिंबुनकडे पाहिलं.

"तीन मिनिटंसुद्धा झाली नाहीत," त्या मागच्या माणसांना म्हणाल्या. "लक्ष असावं तर असं."