भिंतीवरचा कागद

दवाखान्याच्या लिनक्स कॉम्प्युटरचं काम काउंटरवरच्या ताईकडे आलं. दर सोमवारी ती आधीच्या ऑपरेटरकाकांनी लिहून दिलेल्या, भिंतीवरच्या कागदावरची कमांड टाइप करायची. सगळे प्रोग्राम सरसर अपडेट झालेले दिसायचे. पुढच्या सोमवारी अपडेटच्या यादीत परत तेच, वर चार नवे! ताईचं डोकं भंजाळायचं.

आज डॉक्टरीणबाई तडकल्या, "वर्षभरात एक अपडेट नाही? हे काम दुसऱ्याला देते."

ताईनं रिटायर झालेल्या ऑपरेटरकाकांना फोन लावला आणि कागदावरची कमांड वाचून दाखवली.

"अगं येडे, ती रंगीत तालीम! काय बदलेल ते नुसतं दाखवते. ते बघून मग खरी कमांड द्यायची."

"ती कुठंय?"

"त्याच कागदाच्या मागं."

ताई नखानं कोपरा खरवडत बसली. कागद हरवू नये म्हणून तिनंच तो डिंक थापून भिंतीला चिकटवला होता.