गिटारची घरघर

बेस गिटार दुरुस्त करणाऱ्या मास्तरांकडे एक बाप पोराची गिटार घेऊन दुसऱ्यांदा आला. "पोरगं वाजवायला बसलं की ही घरघर सुरू करते, मास्तर. डोकं उठतं नुसतं."

मास्तरांनी दुकानातल्या अ‍ॅम्पला जोडून पाहिली. गिटार शहाण्या मुलीसारखी गप्प. "इथं ठीक आहे की. घरातलं वायरिंग एकदा दाखवून घ्या."

"म्हणजे माझ्या घरात भूत आहे म्हणा! राहू द्या हो, तुम्ही पिकअप बदला."

गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार? तारांचा आवाज पकडणारे जुने पिकअप मास्तरांनी काढले आणि घरघर दाबणारे नवे बसवले. गिटार घरीही गप्प झाली. बापाने मुद्दाम फोन केला, "मास्तर, तुमच्या हाताला यश आहे!"

आठवड्याभरात पोरगं वाजवता वाजवता शॉक लागून गेलं. बोटं तारांवर होती, ओठ माइकला लागले होते. मास्तर भेटायला गेले, तेव्हा इलेक्ट्रिशियन भिंतीतला बोर्ड उघडून बसला होता.



"अर्थिंग कधीचं तुटलंय, काका," तो बापाला म्हणाला. "अशा वेळी वाद्य घरघर करून सांगतं. तुमची गिटार कधी काहीच बोलली नाही?"